पुडीवरची तिरपी अक्षरं

घरातला औषधांचा डबा कोण सांभाळतं? आपणच. कुणाला सुंठ उगाळून द्यायची, कुणाला ओव्याची पुरचुंडी शेकायची, बाळंतिणीला शतावरी कधी सुरू करायची, हे सारं आपल्यावर सोपवलेलं असतं. चूर्णाची डबी घरी आली की आपण ती उलटसुलट करून बघतो. वजन वाचतो, किंमत वाचतो, वापरायची मुदतही वाचतो. पण त्यांच्याच शेजारी एक ओळ तिरप्या अक्षरांत छापलेली असते. शतावरीच्या डबीवर ती असते ‘अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस’. ती ओळ मात्र आपण खुशाल सोडून देतो. ‘ते डॉक्टर-वैद्यांचं काहीतरी असेल’, असं म्हणून डबी फळीवर जाते.

आज त्या ओळीविषयीच बोलायचं आहे. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर त्यातल्या वनस्पतींची शास्त्रीय नावं द्यावीत असा आपल्याकडे नियम आहे, आणि तो आपल्यासारख्या ग्राहकांसाठीच आहे. ती नावं इंग्रजी नाहीत. लिपी तेवढी इंग्रजीची. शब्द बहुतेक लॅटिन आणि ग्रीक. पण घाबरू नका. मी शाळेत अर्धवेळ भाषा शिकवते, त्या अनुभवावरून सांगते, की मराठी येणाऱ्या बाईला ही नावं उलगडणं अगदी सोपं आहे. काही तर आपल्याच घरून गेलेली आहेत.

हजेरीपटातलं नाव

आधी एवढंच लक्षात घ्या की प्रत्येक वनस्पतीचं नाव दोन शब्दांचं असतं. शाळेच्या हजेरीपटात आपण ‘कुलकर्णी सुमन’, ‘कुलकर्णी सुधा’ असं लिहितो ना, तसंच हे. पहिला शब्द आडनाव, म्हणजे कूळ. दुसरा शब्द त्या कुळातली नेमकी व्यक्ती. स्वीडनच्या कार्ल लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली आपल्या ग्रंथात ही पद्धत सर्व वनस्पतींना सरसकट लावली. त्यापूर्वी एकेका झाडाचं नाव म्हणजे ओळभर वर्णन असे. विद्वानांची भाषा तेव्हा लॅटिन होती, म्हणून नावं लॅटिनमध्ये बांधली गेली. ग्रीक शब्द आले तेही लॅटिनचा पोशाख घालूनच.

आडनाव एक म्हणजे माणूस एक नव्हे, हे आपल्याला कुणी सांगायला नको. दसऱ्याचंच घ्या. आपट्याचं नाव ‘बौहिनिया रेसिमोसा’. बौहिन आडनावाचे दोन भाऊ वनस्पतिशास्त्रज्ञ होते. आपट्याचं पान दोन जोडलेल्या पाळ्यांचं, म्हणून त्या भावांची आठवण लिनियसने या कुळाला दिली. पण कांचनही बौहिनियाच! त्याचंही पान जोडपान. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्याही विकायला येतात, त्या अशा एकाच आडनावाच्या जोरावर. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं त्याहून मोठं. ‘सोनं’ द्यायचंच तर निदान कुणाचं देतो आहोत ते तरी कळावं. आणि खरं म्हणाल तर दोन्ही झाडांना न ओरबाडता नुसता नमस्कारही चालतो, बरं का!

माहेरचे शब्द

आता स्वयंपाकघरात चला. आल्याचं शास्त्रीय नाव ‘झिंजिबर ऑफिसिनाले’. हे ‘झिंजिबर’ ग्रीकांकडून लॅटिनमध्ये आलं, आणि ग्रीकांकडे ते व्यापाऱ्यांबरोबर आपल्याकडून गेलं. संस्कृतात आल्याला ‘शृंगवेर’ म्हणतात, त्याचंच हे बदललेलं रूप. मिरीचं आडनाव ‘पायपर’, ते ‘पिप्पली’वरून. उसाचं ‘सॅकॅरम’, ते ‘शर्करा’वरून. चंदनाचं ‘सँटालम’, ते तर सरळ ‘चंदन’च. धोतऱ्याचं ‘दातुरा’, म्हणजे ‘धत्तूर’. आपली माहेरवाशीण परदेशी नांदायला गेली, तिकडच्या चालीचं नेसू लागली आणि कितीएक वर्षांनी दारात उभी राहिली, तर क्षणभर ओळख पटत नाही. तशी या शब्दांची गत आहे.

चिंचेची गंमत तर आणखीच. अरब व्यापाऱ्यांनी चिंच पाहिली आणि तिला म्हटलं ‘तमर-हिंदी’, म्हणजे हिंदचा खजूर. त्याचं लॅटिन झालं ‘टॅमरिंडस’, आणि त्याला पुढे विशेषण जोडलं ‘इंडिका’, म्हणजे हिंदचीच! ‘पिवळा पीतांबर’ म्हणतो तसा हा प्रकार. बरं, चिंचेचं झाड मूळचं आफ्रिकेतलं मानतात. म्हणजे दोनदा हिंदची म्हटलेली चिंच मुळात इथली नाहीच. तेव्हा नाव म्हणजे जन्मदाखला नव्हे, हेही यातून शिकावं.

काही नावांमागे नुसता खट्याळपणा दिसतो. कोथिंबिरीच्या ‘कोरिअँड्रम’चा संबंध ग्रीकांच्या ‘कोरिस’ या शब्दाशी लावतात. कोरिस म्हणजे ढेकूण! कोवळ्या पानाचा वास त्यांना तसा वाटला म्हणे. आपण ज्या कोथिंबिरीची वडी करतो तिला हे नाव! मेथीचं ‘ट्रायगोनेला फीनम-ग्रीकम’. ‘ट्रायगोन’ म्हणजे त्रिकोण, कारण फूल तसं दिसतं. आणि ‘फीनम-ग्रीकम’ म्हणजे ग्रीकांचं वाळलं गवत. रोमन लोक ते जनावरांना घालत. कारल्याचं आडनाव ‘मोमॉर्डिका’, म्हणजे चावलेलं. बी पाहा, कडेने कुणीतरी कुरतडल्यासारखी असते. पुढच्या वेळी कारलं चिरताना बी हातात घेऊन बघाच.

डझनभर शब्द, पाठ करण्याजोगे

कूळ लक्षात नाही राहिलं तरी हरकत नाही. दुसरा शब्द, म्हणजे विशेषण, तेवढं ओळखायला शिका. पुढे दिलेली यादी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

सटायव्हा: पेरलेली, लागवडीची.
ऑफिसिनाले: औषधी भांडारातलं. जुन्या मठांतल्या औषधांच्या खोलीला ‘ऑफिसिना’ म्हणत.
आल्बा, आल्बम: पांढरी, पांढरं.
नायग्रा, नायग्रम: काळी, काळं.
व्हेरा, व्हेरम: खरी, खरं.
फोलिया: पानांची.
फ्लोरा: फुलांची.
फेरा: धारण करणारी. आपला ‘भृ’ धातू आणि हा शब्द एकाच मुळाचे.
रेसिमोसा: घोसांनी लगडलेली.
इंडिका: हिंदुस्थानची.
सायनेन्सिस: चीनची.
अँथस: फूल, हा शब्द ग्रीक.

आता बघा काय होतं. आंबा ‘मँजिफेरा इंडिका’: आंबे धारण करणारी, हिंदुस्थानची. शेवगा ‘मोरिंगा ओलिफेरा’: तेल धारण करणारी, बियांतून तेल निघतं म्हणून. (‘मोरिंगा’ हा तमिळ ‘मुरुंगै’.) जास्वंद ‘हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस’: चीनचा गुलाब. तुळस ‘ऑसिमम टेन्यूइफ्लोरम’: बारीक फुलांची, इथला ‘टेन्यूइ’ आणि संस्कृत ‘तनु’ ही भावंडं. जुन्या पुस्तकांत तुळशीला ‘सँक्टम’, म्हणजे पवित्र, असं विशेषण दिसेल; झाड तेच. आणि हो, कोरफडीला हल्ली लहान मुलंसुद्धा ‘अ‍ॅलो व्हेरा’ म्हणतात. म्हणजे लॅटिन आपण आधीपासून बोलतोच आहोत की! ‘अ‍ॅलो व्हेरा’ म्हणजे खरी कोरफड.

पारिजातकाचं नाव मला सगळ्यांत आवडतं. ‘निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस’. ग्रीक ‘निक्स’ म्हणजे रात्र, आपल्या संस्कृत ‘नक्त’ची सख्खी बहीण, ‘अँथस’ म्हणजे फूल. आणि लॅटिन ‘आर्बर-ट्रिस्टिस’ म्हणजे उदास झाड. रात्री फुलायचं, पहाटे सगळी फुलं अंगणात सांडून टाकायची आणि दिवसभर रितं उभं राहायचं! रात्रराणी म्हणा, शोकवृक्ष म्हणा, दोन शब्दांत झाडाचा अख्खा दिवस आला.

ऑक्टोबरच्या सुमारास पुण्याच्या रस्त्यांवर ज्याच्या उग्र वासाने काहींचं डोकं उठतं ती सप्तपर्णी म्हणजे ‘अल्स्टोनिया स्कोलॅरिस’. ‘स्कोलॅरिस’ म्हणजे शाळेची. हिच्या लाकडाच्या मुलांसाठी पाट्या करत. आम्हा शिक्षिकांना हिच्यावर रागवायची सोय उरली नाही!

तो, ती, ते

या भाषेची आणखी एक गोष्ट मराठी बाईला चटकन समजते, इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना मात्र समजावून सांगावी लागते. लॅटिनलाही आपल्यासारखी तीन लिंगं आहेत. त्यामुळे विशेषण नामाप्रमाणे बदलतं. काकडी ‘कुकुमिस सटायव्हस’, भात ‘ओरायझा सटायव्हा’, लसूण ‘अ‍ॅलियम सटायव्हम’. पेरलेला, पेरलेली, पेरलेलं. झालं, एवढंच व्याकरण!

आणि गंमत म्हणजे लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी. आपला वड ‘तो’, पिंपळ ‘तो’, उंबर कुणाचा ‘तो’ तर कुणाचं ‘ते’. लॅटिनमध्ये मात्र पिंपळ ‘फायकस रिलिजिओसा’, म्हणजे पूजनीय ‘ती’, आणि उंबर ‘फायकस रेसिमोसा’, घोसांनी लगडलेली ‘ती’. उलट ज्या शतावरीला आपण बाईपण बहाल केलं, ती तिकडे पुल्लिंगी, म्हणून ‘रेसिमोसस’. आपटा, उंबर आणि शतावरी या तिघांना एकच विशेषण आहे, हेही आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

जिथे चूक महागात पडते

इथवर सगळी मौज झाली. आता जरा गंभीरपणे ऐका.

आमच्या शेजारच्या एका वहिनींची मुलगी नववीत. तिला पाळीच्या वेळी फार अंगावरून जायचं. अशोकाची साल बायकांच्या तक्रारींवर देतात हे वहिनींनी ऐकलेलं. इमारतीच्या कुंपणालगत अशोकाची रांगच उभी. मग काय, साल काढली, उकळली आणि काढा सुरू केला. दोन महिने मुलगी तो निमूटपणे पीत राहिली. शेवटी जिन्यात तिला चक्कर आली तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सातवर आलेलं. आता औषधांनी ती सावरली आहे, पण ते दोन महिने फुकट गेले ते गेलेच.

कुंपणालगतचा तो उंच, निमुळता, कडेला लाटा असलेल्या पानांचा वृक्ष औषधातला अशोक नव्हेच. त्याचं नाव होतं ‘पॉलिअल्थिया लाँगिफोलिया’. ‘लाँगिफोलिया’ म्हणजे लांब पानांचा. ‘पॉलिअल्थिया’ म्हणजे पुष्कळ बरं करणारा. नाव ऐकून कुणालाही भुरळ पडावी! २०१२ पासून त्याचं कूळ बदलून ‘मोनून लाँगिफोलियम’ असं नाव झालं आहे. ‘मोनून’ म्हणजे एकच अंडं, कारण प्रत्येक फळात बी एक. ‘लाँगिफोलिया’चं ‘लाँगिफोलियम’ का झालं, ते तुम्ही आता सांगू शकाल. नवं कूळ नपुंसकलिंगी!

औषधातला अशोक, सीतेचा अशोक, तो ‘सराका असोका’. बुटका, पसरट, खोडालगतसुद्धा केशरी-लाल फुलांचे गुच्छ येणारा. खरा अशोक आता दुर्मीळ होत चालला आहे आणि बाजारात त्याच्या सालीत उंच अशोकाची साल मिसळली जाते, हे अभ्यासकांनी वारंवार दाखवलं आहे. म्हणून अशोकाचं औषध घ्याल तेव्हा डबीवर ‘सराका’ हा शब्द आहे का, ते आधी बघा. आणि झाड खरं निघालं, तरी जास्त अंगावरून जाणं हे घरच्या काढ्याने दाबून ठेवायचं दुखणं नव्हे. मुलगी असो, सून असो की आपण स्वतः असो, आधी डॉक्टरांकडे जायचं.

दुसरी गोष्ट गुळवेलीची. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचे काढे उकळत होते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हा आयुष मंत्रालयाने सांगितलं की औषधी गुळवेल ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया’ सुरक्षित आहे; तिच्यासारखी दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ घातक ठरू शकते. ‘कॉर्डिफोलिया’ म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांची. पण मैत्रिणींनो, पान दुसरीचंही हृदयाच्याच आकाराचं! तिच्या वेलावर बारीक बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे असतात, ही खूण. मग २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास केला. त्यात काही जणांनी घेतलेली वनस्पती तपासली, तर ती कॉर्डिफोलियाच निघाली.

याचा अर्थ नीट समजून घ्या. नाव झाडाची ओळख पटवून देतं. किती घ्यावं, किती दिवस घ्यावं आणि कुणी घेऊ नये, हे नाव सांगत नाही. ते वैद्यांना किंवा डॉक्टरांनाच विचारायचं. पण विचारायला जाताना ‘एक वेल घेत होते’ असं न सांगता डबीच पुढे केली, तर त्यांचंही काम निम्मं होतं.

तिसरी ब्राह्मी. केसांच्या तेलात, मुलांच्या स्मरणशक्तीसाठी म्हणून आपण ती आणतो. पण ‘ब्राह्मी’ म्हणून बाजारात दोन वनस्पती मिळतात. ‘बॅकोपा मोनिएरी’, बारीक जाडसर पानांची, ती ब्राह्मी. ‘सेंटेला एशियाटिका’, गोल, कातरलेल्या कडांच्या पानांची, ती मंडूकपर्णी. दोन्ही औषधीच, पण एक नव्हेत. वैद्यांनी जी सांगितली तीच घरी आली का, हे मराठी नावावरून कळणार नाही. तिरप्या अक्षरांवरून कळेल.

आता मसाल्याचा डबा. ‘सिनामोमम व्हेरम’, म्हणजे खरी दालचिनी. श्रीलंकेची प्रसिद्ध, आणि आपल्या कोकणातही लावतात. तिची नळी पातळ पापुद्र्यांची, एकात एक गुंडाळलेली, हाताने चुरडणारी. आपण बहुधा आणतो ती जाड, एकाच सालीची, टणक नळी; ती ‘सिनामोमम कॅसिया’ किंवा तिची नातलग. भाताच्या फोडणीला दोन तुकडे टाकले तर काही बिघडत नाही. पण साखर कमी व्हावी म्हणून कुणी रोज चमचाभर पूड घेत असेल तर लक्ष द्या. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच जास्त असतं आणि ते रोज फार पोटात गेलं तर यकृताला त्रास देऊ शकतं.

चक्रीफुलाचंही तसंच. आपलं मसाल्यातलं ‘इलिसियम व्हेरम’, म्हणजे खरं. त्याचा जपानी भाऊ ‘इलिसियम अ‍ॅनिसॅटम’ विषारी, आणि दोघांचं फळ वाळल्यावर नुसत्या डोळ्यांनी वेगळं ओळखणं कठीण. २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चक्रीफुलाचा चहा पिऊ नका, तान्ह्या मुलांना तर देऊच नका, असा इशारा दिला होता. बाळाच्या पोटदुखीवर ‘काहीतरी घरगुती’ देणाऱ्या आज्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

पुण्याच्या वाट्याची नावं

या नावांच्या दुनियेत आपलं पुणंही आहे, आणि ते मानाने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वुड्रो नावाचे साहेब वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांच्या हाताखाली वनस्पतिसंग्रहाचं काम बघणारे एक रानडे होते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या एका देखण्या, लोंबत्या फुलांच्या झुडपाला शास्त्रज्ञांनी नाव दिलं ‘अब्युटिलॉन रानडेई’. आपण तिला सोनघंटा म्हणतो. शेवटचा ‘ई’ हा लॅटिनचा षष्ठीचा प्रत्यय. ‘रानडेई’ म्हणजे रानड्यांची. तसंच जुन्नरच्या डोंगरातल्या एका कंदीलपुष्पाचं नाव ‘सेरोपेजिया महाबळेई’. पुणे विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या महाबळे सरांच्या आठवणीसाठी. ‘सेरोपेजिया’ म्हणजे मेणाचं कारंजं. सुरेख आहे की नाही?

त्याच जुन्नरच्या शिवनेरीवरची शिंदळ माकुडी हिला १८६४ साली ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव मिळालं, मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर फ्रेअर यांच्यावरून. गव्हर्नरसाहेबांना हा मान खुर्चीमुळे मिळाला असेल, रानड्यांना डोंगर तुडवून मिळाला. बाईच्या नावावरून नाव ठेवलं तर शेवटी ‘ई’ऐवजी स्त्रीलिंगी ‘एई’ असा प्रत्यय लागतो. चीनकडच्या एका वेली गुलाबाला ‘रोझा बँक्सिएई’ म्हणतात, लेडी बँक्स यांच्यावरून. आपल्या मुलींनी असं काम करावं की सह्याद्रीतल्या एखाद्या फुलाला त्यांच्या नावाचा ‘एई’ लागावा, नाही का?

आणि पुण्याच्या वाट्याला एक नाव असंही आलं, जे नसतं आलं तर बरं झालं असतं. गाजरगवत! १९५५ साली ते भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते आपल्या पुण्यात, कचऱ्याच्या ढिगावर. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. त्याचं शास्त्रीय नाव ‘पार्थेनियम हिस्टेरोफोरस’. ‘पार्थेनोस’ म्हणजे ग्रीक भाषेत कुमारिका. बायकांच्या दुखण्यांवर देत असलेल्या एका झाडाला ग्रीक लोक ‘पार्थेनिऑन’ म्हणत, तेच नाव पुढे या कुळाला मिळालं. ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय, ‘फोरस’ म्हणजे वाहणारी. इतकं बायकी नाव धारण करणारं हे गवत बायकांच्या मात्र काही कामाचं नाही. उलट शेतात आणि बागेत खुरपणी करणाऱ्या बायकांच्याच हाताला त्याने खाज सुटते, पुरळ उठतं, कुणाला दम लागतो. अंगणात दिसलं तर हातमोजे घालून किंवा हाताला पिशवी गुंडाळून, फुलण्याआधीच मुळासकट उपटा.

एवढं करा

या आठवड्यात दुपारी थोडा वेळ काढून औषधांचा डबा आणि मसाल्याची फळी खाली काढा. ज्या चूर्णाच्या पुडीवर शास्त्रीय नावच नाही, ती पुन्हा आणू नका. सुट्या चूर्णावर नाव लिहायला दुकानदाराला सांगा. चांगला काष्ठौषधीवाला कंटाळणार नाही. कुणी प्रेमाने वेल किंवा मुळी आणून दिली, तर पोटात घेण्यापूर्वी जाणत्याला दाखवा. पुण्यात कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे, विधी महाविद्यालयाच्या रस्त्याकडे आघारकर संशोधन संस्था आहे. झाडं ओळखणारी माणसं आपल्या गावात आहेत, हे भाग्य लहान नाही. मुलांना सुट्टीत एम्प्रेस गार्डनला नेलंत तर झाडांवरच्या पाट्या त्यांना मोठ्याने वाचायला लावा आणि ‘फोलिया’, ‘फ्लोरा’, ‘इंडिका’ कोण आधी ओळखतं याची पैज लावा.

घरात कोण आलं, कोण गेलं याकडे आपलं बारीक लक्ष असतं. अनोळखी माणसाला नाव-गाव विचारल्याशिवाय आपण ओसरीवरसुद्धा बसवत नाही. मग जे लेकराबाळांच्या पोटात जायचं, त्याचं नाव विचारायला कसला संकोच?

पुढच्या अंकात पावसाळ्यातल्या रानभाज्या: कोणत्या आणाव्यात, कशा निवडाव्यात, आणि कोणत्या उकडून पाणी काढल्याशिवाय मुळीच खाऊ नयेत.